मीठवाल्यांचं दार

डेट्रॉइटचं सिंहासन रिकामं व्हायला एकच फासा उरला होता आणि धम्मप्रिया तो टाकत नव्हती. मुठीत धरून ती नकाशाकडे बघत बसली होती. खेळाचा नकाशा तिनेच काढलेला, चार्टपेपर जोडून. मधोमध निळी रंगवलेली सरोवरं आणि त्यांच्या काठाने पुढे कधीतरी होणाऱ्या अमेरिकेचे तुकडे. ओहायोची जहागीर, शिकागोची गढी, पेनसिल्व्हेनियातले एकमेकांचं तोंड न बघणारे भाऊ. नॉर्थ यॉर्कमधल्या त्या बिल्डिंगच्या तळमजल्यावर पार्टी रूम होती, आणि शनिवारच्या दुपारी चार माणसं तिथे या नकाशाभोवती बसत: शिवराम, त्याची नात धम्मप्रिया, वरच्या मजल्यावरचा, मूळ वसईचा हेरॉल्ड आणि त्याची बायको ब्लांच. "टाक ना गं बाई," हेरॉल्ड म्हणाला. "माझा राजा मरायला टेकलाय. किती ताटकळत ठेवशील म्हाताऱ्याला?" डेट्रॉइटचा राजा म्हणजे हेरॉल्ड. ब्लांच एरी सरोवराची बिशप होती आणि विणता विणता राज्य करत असे. पण धम्मप्रियाने दोघांकडेही पाहिलं नाही. ती शिवरामला म्हणाली, "आजोबा, दारात एक माणूस उभा आहे. त्याचं काय?" "कुठल्या दारात?" "मीठवाल्यांच्या. तुमच्या संघाच्या." "थांबू दे त्याला," शिवराम म्हणाला. तो हे इतक्या सहज म्हणाला की आपण काही बोललो असं त्याला वाटलंसुद्धा नाही. "यू ऑल्वेज से दॅट," ती म्हणाली. "मी दर वेळी कुणीतरी आणते. सुतार आणला, ती विधवा आणली, तो डोळे गेलेला नावाडी आणला. तुम्ही म्हणता, थांबू दे. नोबडी हॅज कम इन, आजोबा. आत आता फक्त आतल्यांचीच मुलं आहेत." मग जरा थांबून, रागाने नव्हे, एखाद्याच्या शर्टावरचा डाग दाखवावा तसं ती म्हणाली, "यू मेड अ कास्ट."

काहीच झालं नाही. शिवराम वाट बघत होता की आता आत काहीतरी होईल, पोटात खड्डा पडेल, निदान कान तरी गरम होतील. हीटरची घरघर चालू होती. ब्लांचच्या सुया एकमेकींवर टिकटिकत होत्या. काचेबाहेर बिल्डिंगचा सुपरिंटेंडंट बर्फ वितळावा म्हणून पायरीवर मीठ फेकत होता, बादलीतून मूठमूठ, कोंबड्यांना दाणे टाकावेत तसं. शिवरामला एवढंच जाणवलं की आपण हातात धरलेला चहाचा कागदी कप गरम आहे की गार, हे आपल्याला सांगता येत नाही. ते तसं बऱ्याच दिवसांपासून होतं. आधी पायांची बोटं बधिर झाली, मग हातांच्या बोटांची टोकं. गेल्या महिन्यात डॉक्टरबाईंनी नायलॉनचा बारीक धागा त्याच्या बोटांना टेकवून सांगितलं होतं, डोळे मिटा आणि वाटलं की येस म्हणा. त्याला काही वाटत नव्हतं, पण बाई फार आपुलकीने विचारत होत्या, त्यांना वाईट वाटू नये म्हणून तो अधूनमधून येस म्हणत राहिला. बाई म्हणाल्या, मिस्टर शिवराम, मी धागा केव्हाच खाली ठेवलाय.

"आणि तो माणूस कोण आहे तेही सांगते," धम्मप्रिया म्हणाली. "नंदन अंकल. ट्वेल्थ फ्लोअर. ही आस्क्ड मी इन द लॉबी. म्हणाले, तुम्ही शनिवारी काहीतरी खेळता, मला घ्याल का. मी म्हटलं आजोबांना विचारा. तर म्हणाले, विचारलं, ते म्हणतात टेबल फुल आहे." तिने टेबलाकडे पाहिलं. पार्टी रूमचं ते टेबल. त्यावर लोक साखरपुडे करत, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना रिकाम्या खुर्च्या ओळीने उभ्या होत्या. "हेरॉल्ड अंकलच्या बाजूला पूर्ण इंडिया बसेल." हेरॉल्ड हसला, मग शिवरामकडे बघून थांबला. तिने फासा नकाशावर ठेवला, टाकला नाही, ठेवला. "पुढच्या शनिवारी सिंहासनाचं करू. तोपर्यंत तो दारात उभा राहील. आणि तेव्हाही तुम्ही थांबू दे म्हणालात तर मी नाही येणार, आजोबा. रिअली. वॉटर्लूहून दोन बस बदलून मी हे बघायला नाही येणार." तिने जॅकेट चढवलं, आजीला भेटून येते म्हणाली, आणि गेली.

हे शनिवार गेले की शिवरामजवळ काय उरणार होतं, हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती. मुलगा आयुष ओकव्हिलला होता; फोनवर तो हवामान आणि विंटर टायर यांच्यापलीकडे जात नसे, आणि शिवरामही जात नसे. शिवराम जन्मभर कमी बोललेला माणूस. ऑफिसात तो पुलांची ड्रॉइंग तपासायचा, आणि चूक सापडली की चूक करणाऱ्याला न बोलता शेजारी पेन्सिलीने बारीक टिंब करून ठेवायचा. घरी पुस्तकं वाचायचा, आपल्याला ती नीट कळतात की नाही अशी शंका मनात ठेवून. आणि मग एका हिवाळ्यात ही मुलगी, तेव्हा ओकव्हिलच्या शाळेत होती, चार्टपेपर घेऊन आली आणि म्हणाली, आजोबा, पुढची अमेरिका आहे, गव्हर्नमेंट संपलंय, सगळीकडे किंग्ज आणि बॅरन्स आहेत, तुम्ही कोण होणार? त्याने सरदार व्हावं असं तिला वाटत होतं. तो म्हणाला, मी दुकानदार होतो. ती हसली होती. पण तो जे बोलायला लागला ते जेवणाची वेळ टळेपर्यंत बोलत राहिला. त्याची बायको पद्मा स्वयंपाकघरातून बाहेर येऊन दारात उभी राहिली, कुणाशी बोलतायत हे, अशा चेहऱ्याने.

त्याने सांगितलं होतं ते असं. राजधानी बुडाली, पैशाला कुणी विचारेना. हमरस्ते सरदारांनी वाटून घेतले, दर पुलावर एकेक गढी उभी राहिली, आणि खालची माणसं जमिनीला बांधली गेली. ज्याच्या बापाने ज्याचं शेत नांगरलं त्याच्या मुलाने त्याच्याच मुलाचं नांगरायचं. पण हिवाळा कुणाच्या बापाचा नव्हता. बर्फ पडला की सरदारांचे रस्ते काचेसारखे होत, घोडे पाय मोडून पडत, फौजा जागच्या जागी उपाशी मरत. आणि ह्युरॉन सरोवराच्या तळाखाली, गोडरिचच्या खाणीत, मीठ होतं. ते वर काढणारी, नावांवर लादून काठाकाठाने नेणारी काही माणसं एकत्र आली. त्यात पळून आलेले कुळवाडी होते, जहाजांवरचे खलाशी होते, नवरा मेल्यावर गढीतून हाकललेल्या बायका होत्या. त्यांनी संघ केला. संघाकडे तलवार नव्हती. संघात येणाऱ्याने आपलं आडनाव दारात सोडायचं, ते परत उच्चारायचं नाही. दारातल्या माणसाने चिमूटभर मीठ त्याच्या तळहातावर ठेवायचं. वरून टाकायचं नाही, बोटं तळहाताला टेकवून ठेवायचं. ते त्याने खाल्लं की तो आतला. आणि कुठल्याही प्रश्नावर सगळ्यात नवा माणूस पहिल्यांदा बोलणार. धम्मप्रियाने हे सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, वॉव, आजोबा. तो शब्द त्याने पुढे कित्येक रात्री पांघरुणात नेला.

मग मीठवाले वाढले. ज्या सरदाराने त्यांच्या नावा लुटल्या त्याचा रस्ता त्या हिवाळ्यात गोठलेला राहिला आणि वसंतात त्याच्या गढीत कुणी उरलं नव्हतं. दुसरे शहाणे झाले. मिठाच्या मोबदल्यात संघाने धान्य मागितलं नाही, गुलाम मागितले नाहीत, फक्त वाटेचा हक्क मागितला. आणि एके दिवशी लोकांच्या लक्षात आलं की सरोवरांच्या भोवतीची प्रत्येक वाट संघाची आहे. सरदार आपसातली भांडणं संघापुढे आणू लागले. संघाने गोडरिचला मोठा वाडा बांधला, त्याला जाड दार बसवलं. दार आधी कुठे होतं, हे शिवरामला आता आठवावं लागलं. सुरुवातीला दार म्हणजे किनाऱ्यावरचा एक दगड होता, त्यावर कुणीतरी बसलेलं असे. हेरॉल्डचा राजा एकदा बोलण्यासाठी आला तेव्हा शिवरामने त्याला अंगणात उभं केलं होतं, आणि हेरॉल्ड म्हणाला होता, "काय मॅन, तुझे हे खारे लोक आता राजालापण चपला बाहेर काढायला लावतात!" सगळे हसले होते. शिवरामही. आणि मुलं कधी आली? संघातल्यांना मुलं होणारच. ती आतच वाढली, ती आतलीच. त्यांच्या तळहातावर मीठ ठेवायची गरज कुणाला वाटली नाही. बाहेरचा कुणी आला की शिवरामला वाटे, आत्ता नको, आत्ता अडचण आहे, आपण इतकं नीट जमवलंय, याने बिघडवलं तर. तो काही वाईट विचार नव्हता. पूल तपासणाऱ्या माणसाचा विचार होता. शिवराम असोसिएशनच्या जयंतीच्या कार्यक्रमात दर वर्षी, कुणीतरी बळेच उभं केल्यावर, कागदावरून वाचून भाषण करत असे, आणि त्या भाषणात भिंती कशा एकेक वीट करून उभ्या राहतात यावर एक परिच्छेद असे. लोक त्या परिच्छेदाला टाळ्या वाजवत.

सोमवारी लिफ्टमध्ये नंदन भेटला. चाळिशीच्या अलीकडचा, गोल चेहऱ्याचा माणूस. इथे येऊन वर्षसुद्धा झालं नव्हतं, कुठल्याशा बँकेच्या कॉम्प्युटरवर काम करत असे, आणि बायको-मुलगी अजून कागदपत्रांसाठी तिकडेच अडकल्या होत्या. त्याच्या हातात ग्रोसरीची एकच पिशवी होती, एकट्या माणसाची. "काका, काय थंडी!" तो म्हणाला. "बर्फ शोव्हल करायला नाही लागत हे बरंय आपल्या बिल्डिंगमध्ये." शिवराम हो म्हणाला. नंदन शनिवारचं काही बोलला नाही. ते त्याने एकदाच विचारलं होतं आणि नाही म्हटल्यावर, "अहो ठीक आहे, ठीक आहे," असं स्वतःच शिवरामची समजूत काढल्यासारखं म्हटलं होतं. पहिल्या भेटीत, याच लिफ्टमध्ये, त्याने स्वतःचं आडनाव सांगितलं होतं, मग गाव. मेहकर. मग, "आजोबांचं किराणा दुकान होतं तिथे. तुम्ही कुठले काका?" शिवराम म्हणाला होता, बुलढाण्याकडचा. मेहकरापासून चालत जाता येईल असं त्याचं गाव होतं. तिथली मुलं आठवडी बाजाराला मेहकरलाच जात. ते त्याने सांगितलं नाही. का नाही, हेही त्याने स्वतःला विचारलं नाही. बारावा मजला आला. नंदन उतरला आणि दार मिटेपर्यंत, लहान मूल करतं तसा, पिशवीचा हात हलवत राहिला.

लहानपणीच्या किराणा दुकानाचा ओटा उंच होता. तो खरंच तितका उंच होता की शिवराम तेव्हा तेवढा ठेंगणा होता, हे आता ठरवता येत नाही. आई म्हणायची, मीठ घेऊन ये, आणि धडप्याचा एक तुकडा हातात द्यायची. तो ओट्याखाली उभा राहून तुकडा दोन्ही हातांनी पसरायचा. वर एक हात यायचा. फक्त हात, मनगटापर्यंत, त्याच्यामागचा माणूस उन्हामुळे दिसायचा नाही. हात उघडायचा आणि मीठ पडायचं. खडेमीठ, राखाडी, जड. पडताना त्यातले काही खडे कापडाबाहेर उडायचे, मातीत जायचे, आणि तो खाली बसून ते वेचायचा, कारण आई कापड उघडून नुसतं बघूनच ओळखायची. एकदा त्याने आईला विचारलं होतं, तो माणूस खाली वाकून का नाही देत? आई चुलीपुढे होती. ती म्हणाली, "मीठ कुणाच्या हातात देऊ नाही बाबू. भांडण होतं. कोणीच देत नाही." आणि खरंच, आईसुद्धा देत नसे. मामी मीठ मागायला आली की आई ते पाटावर ठेवायची आणि मामी पाटावरून उचलायची. त्यामुळे शिवरामची पूर्ण खात्री पटली होती. किती वर्षं पटलेली होती! जवळच लोणारचं तळं. त्याचं पाणी खारट आहे हे त्याला ठाऊक होतं. त्याला वाटे, मीठ तळ्यातून येतं, तळं सगळ्यांचं आहे, आणि मीठ भांडखोर असतं म्हणून ते जपून वरून सोडावं लागतं. पुढे शाळेत, कॉलेजात, त्याला बाकीचं सगळं कळत गेलं, विहिरीचं, पंगतीचं, खोलीभाड्याचं. पण मिठाचं तेवढं तसंच राहिलं. त्या हाताच्या मनात काय होतं, हे त्याला अजून ठरवता आलं नव्हतं. तो हात साधा श्रद्धाळू असू शकत होता. भांडण नको म्हणून उंचावरून उघडणारा.

त्या आठवड्यात तो मीठच बघत राहिला. रस्त्यावरून मिठाच्या गाड्या गेल्या, मागची चकती फिरवत. बुटांवर पांढऱ्या लाटा उमटल्या आणि पद्मा त्या व्हिनेगरच्या फडक्याने पुसत राहिली. सगळं टोरॉन्टो मिठाने झाकलं होतं आणि कुणी त्याचा विचार करत नव्हतं. गुरुवारी स्वयंपाकघरात पद्मा भाजी ढवळत असताना त्याने मिठाचा डबा हातात घेतला आणि तिच्यापुढे धरला. तिने तो घेतला नाही. "ठेवा तिथं," ती म्हणाली, आणि त्याने ओट्यावर ठेवल्यावर उचलला. "हातातून का नाही घेतलास?" त्याने विचारलं. "भांडण होतं म्हणतात." "खरंच होतं?" "चाळीस-पंचेचाळीस वर्षं झाली, न देता पण होतंच आहे," पद्मा म्हणाली. तिने चव बघितली. शिवराम म्हणाला, "आमच्या इथला दुकानदार पण वरून टाकायचा. मीठ. आई म्हणायची, याच्याचसाठी." पद्माने वळून त्याच्याकडे पाहिलं. ती नागपूरची, मिलमधल्या बापाची मुलगी, सगळ्या गोष्टी तिला लवकर कळत आलेल्या. "आणि गूळ?" ती म्हणाली. "गूळ कसा द्यायचा तो?" शिवराम आठवू लागला. "गुळानं कुठं भांडण होतं?" असं म्हणून तिने गॅस बारीक केला, कढईवर झाकण ठेवलं. "जेवायला येता का? प्रियाचा फोन आला होता. शनिवारी येते म्हणाली, पण राहणार नाही म्हणाली. काय केलंत तुम्ही त्या पोरीला?"

गूळ आठवेना. तो जेवताना आठवत राहिला, नंतर खिडकीपाशी बसून आठवत राहिला. गुळाची ढेप, तिच्यावरच्या माश्या, तागाचं पोतं, सगळं दिसत होतं. पण तो खडा आपल्या हातात कसा आला, तो वरून पडला की कुणी दिला, की आपण कधी गूळ आणलाच नाही, काही म्हणता काही दिसेना. फक्त मिठाचा हात येत होता आणि उघडत होता. आणि हळूहळू, कसलाही धक्का न बसता, शिवरामच्या लक्षात आलं की त्या दृश्यात आता तो खाली उभा नाही. त्याला वरून दिसत होतं. पसरलेलं कापड दिसत होतं, त्याची दोन टोकं धरणारे दोन हात, आणि वर बघणारा गोल चेहरा, लिफ्टचं दार मिटेपर्यंत हात हलवणारा. थांबू दे त्याला. एवढंच तर तो म्हणाला होता. ओट्यावरचा माणूसही बहुधा एवढंच म्हणत असेल, दिवसातून कितीदा तरी, आणि त्यालाही आपण काही बोललो असं वाटत नसेल. मग रात्री बायको म्हणत असेल, जेवायला येता का. यावर शरम वाटायला हवी होती. शिवराम शरमेची वाट बघत बसून राहिला. खाली रस्त्यावर दिवे आणि बर्फ होता. त्याने डाव्या हाताने उजव्या हाताची बोटं एकेक करून दाबली. दाबणाऱ्या हातालाही कळत नव्हतं, दाबल्या जाणाऱ्यालाही.

शुक्रवारी तो लिफ्टने बाराव्या मजल्यावर गेला. कॉरिडॉरमध्ये सगळी दारं सारखीच होती. एका दारातून फोडणीचा वास येत होता, तिथे त्याने बेल दाबली. नंदन बनियनवर होता, गडबडला. "काका! या, या ना. पसारा आहे जरा." शिवराम आत गेला नाही. घरून त्याने बरीच वाक्यं जुळवून आणली होती, त्यातलं एकही सापडेना. "उद्या दुपारी," तो म्हणाला. "खाली. टेबल रिकामं आहे." मग जाता जाता, पाठ वळल्यावर, त्याला बोलता आलं: "मी मेहकरजवळचाच आहे." "काय सांगता!" मागून नंदन ओरडला. "मग तुम्हाला आमचं दुकान माहीत असणार! चौकातलं, उंच ओट्याचं!" शिवरामने हात वर केला, म्हणजे हो की नाही की येतो, यातलं काहीही, आणि तो लिफ्टकडे चालत राहिला. तिकडे सगळ्याच दुकानांचे ओटे उंच असत.

शनिवारी निघताना त्याने स्टीलच्या छोट्या वाटीत मीठ घेतलं. पद्माने बघितलं आणि वर एक झाकणी दिली. खाली हेरॉल्ड आणि ब्लांच येऊन बसले होते. ब्लांचने केक आणला होता. धम्मप्रिया जॅकेट न काढता खुर्चीच्या कडेवर बसली होती, पाठीवर सॅक तशीच, बस चुकेल अशा बेताने. नंदन दारातच उभा होता. इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. कुणी ये म्हटलं नव्हतं म्हणून तो आत आला नव्हता; नकाशा मात्र लांबून मान उंच करून बघत होता. हेरॉल्ड मुद्दाम खोकला आणि राजाच्या आवाजात म्हणाला, "डेट्रॉइटचा राजा मेला. मुलगा नाही. सगळे सरदार एकमेकांचे गळे धरून बसलेत, एकच गोष्ट सगळ्यांना कबूल आहे: गादी मीठवाल्यांनी घ्यावी. घे बाबा शिवराम, मला आता या मुकुटानं मानेला स्पाँडिलायटिस झालाय." ब्लांच म्हणाली, "बिशपचा आशीर्वाद आहे. पण केक आधी खा." धम्मप्रिया हसली नाही. तिने फासा उचलला. "आजोबा? मीठवाले काय म्हणतात?"

शिवराम उठून उभा राहिला. एरवी तो बसूनच खेळत असे. "आमच्यात," तो म्हणाला, आणि घसा साफ करून परत म्हणाला, "आमच्यात सगळ्यात नवा माणूस आधी बोलतो. तो नियम आहे. आम्ही विसरलो होतो." तो वाटी घेऊन दारापर्यंत गेला. कार्पेटवर चालताना त्याला पाय पडल्याचं कळत नव्हतं, म्हणून तो पायांकडे बघत चालला. नंदनसमोर उभं राहून त्याने झाकणी काढली, चिमूट भरली. किती आलं ते बघावं लागलं. "हात पुढे करा," तो म्हणाला. नंदनने हसत हात पुढे केला, वाटीत पाहिलं, आणि हात मागे घेतला. "काका, मीठ आहे? हातात नको ना. आमच्याकडे देत नाहीत हातात. भांडण होतं म्हणतात." त्याने खिशातून स्वच्छ घडीचा रुमाल काढला, उलगडला, आणि दोन्ही हातांनी पसरून धरला. "यावर टाका."

शिवरामची चिमूट हवेत होती आणि तिच्या खाली पांढरा रुमाल होता. त्याला वाटलं, हे इतकं सोपं होतं तर. आई म्हणाली होती ते खरं होतं. किंवा आईला जसं सांगावं लागलं तसं याच्याही आजोबांनी सांगितलं असेल, ओट्यावरच्या लेकरालाही काहीतरी सांगावंच लागतं. नंदनच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. तो फक्त वाट बघत होता, नीट, शहाण्यासारखी. लहानपणी शिवराम जशी बघायचा. नुसती बोटं सैल केली असती तर मीठ पडलं असतं, आणि सगळे म्हणाले असते, झालं. मागे धम्मप्रियाची खुर्ची करकरली. ती उठली की नुसती वळली, ते त्याने पाहिलं नाही. "अरे घे रे हातात," हेरॉल्ड म्हणाला. "भांडण झालं तर होऊ दे. आम्ही वसईचे, आम्ही सोडवायला आहोत. नाहीतरी या खेळात फार दिवसांत लढाई झाली नाही." ब्लांच म्हणाली, "हेरी, तू गप." पण नंदनला हसू आलं. "काय काका, तुमच्या नियमात आहे का?" त्याने विचारलं. "हो," शिवराम म्हणाला. "तोच नियम आहे. दुसरा नाहीच." नंदनने रुमाल खांद्यावर टाकला, शर्टाला हात पुसला आणि तळवा उघडून पुढे धरला.

शिवरामने वाकून चिमूट त्या तळव्यावर नेली. ती पोचली कधी ते त्याला समजलं नाही. ना खरखर, ना ऊब, ना तळव्याचा ओलेपणा, डॉक्टरांच्या धाग्यासारखंच. येस म्हणावं असं काहीच नव्हतं. त्याने डोळे आणखी जवळ नेले. मीठ तळव्यावर होतं, भाग्यरेषेच्या खळग्यात, आणि त्याची तीन बोटं त्या मिठावर होती, नखं पिवळी, जुनी, टेकलेली. बघितलं म्हणून कळलं. "नाव?" मागून धम्मप्रियाने विचारलं. "नंदन." "फक्त नंदन?" "फक्त नंदन. पुढचं काय ते दारात सोडायचं म्हणालीस ना तू लॉबीत." "ओके," ती म्हणाली, सॅक खाली ठेवल्याचा धप्प आवाज आला, जॅकेटची चेन सरकली. "ही इज इन. तर नंदन अंकल, सिंहासन घ्यायचं की नाही? यू स्पीक फर्स्ट." "मी? मला काय विचारता? मी तर आत्ताच आलोय!" "एक्झॅक्टली," ती म्हणाली, आणि ब्लांच हसली, आणि फासा टेबलावर कुठेतरी गडगडत गेला. शिवराम तसाच वाकून उभा होता. त्याला वाटत होतं की हे सगळं होऊन गेलंय आणि आता आपणही जागेवर जाऊन बसलो आहोत.

"शिवराम," हेरॉल्ड म्हणाला, "सोड आता त्याचा हात. त्याला मीठ खायचंय."